पावणा बल्ब

कोल्हापुरात आमचा पाय टिकला तो आमच्या घरमालकीणबाईंच्या दिरांमुळे, म्हणजे अण्णांमुळे, हे आधी सांगते. काय झालं होतं ते मागून सांगते. उजेडाला चव असते असं मानणारा, आणि ती चव घेऊन बघणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात हा एकच असावा. जिल्हा मी सगळा पाहिलेला नाही, तरी पैज लावायला तयार आहे. लोक बल्ब घेताना भाव बघतात, वॅट बघतात, फार तर खोक्यावरचं चित्र बघतात. हे गृहस्थ बल्ब आधी तळहातावर तोलतात, मग कानाशी नेऊन हलवतात, मग त्याचा वास घेतात, आणि पेटवल्यावर त्याच्याखाली एक ताटली ठेवून, पंगतीत बसल्यासारखी मांडी घालून समोर बसतात.

ती ताटली स्टीलची. तिच्यात हळद, कुंकू, कांदा-लसणाची चटणी, एक हिरवी मिरची, गुळाचा खडा आणि मधोमध चिमूटभर भस्म. भस्म त्यांच्या देवघरातलं. सकाळी लिंगपूजा झाली की कपाळावर तीन बोटं ओढायची आणि उरलेलं ताटलीत ठेवायचं, असा शिरस्ता. ज्या बल्बाखाली हळद हळदीसारखी, कुंकू कुंकवासारखं आणि चटणी जिभेला पाणी सुटेल अशी दिसते, तो पास. चटणी काळपट दिसली की बल्ब नापास, मग तो कुठल्या का मोठ्या कंपनीचा असेना. "चटणीला रंग न देणारा बल्ब माणसाच्या तोंडावर काय उजेड पाडणार?" असं ते म्हणतात. त्यांचं दुकान म्हणजे उत्तरेश्वर पेठेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली. तिच्या भिंतीवर फळी ठोकून बारा होल्डर बसवलेले आहेत आणि त्यांत बारा कंपन्यांचे बारा बल्ब दिवसरात्र जळत असतात. प्रत्येकाच्या मानेवर मार्करने तारीख. कुठला कधी डोळे मिटतो यावर त्यांचं लक्ष असतं; एखादा गेला की चहा घेताना म्हणतात, "काल चौथ्या नंबरचा गेला. बिचारा पाऊस बघून गेला."

माल विकायला येणारी पोरं त्यांना जाम भितात, आणि तरी येतात, कारण चहा चुकत नाही. एकदा एक टायवाला आला. "काका, दोन वर्षांची रिप्लेसमेंट आहे," म्हणाला. अण्णांनी बल्ब तोलत विचारलं, "बल्ब दोन वर्षं ऱ्हाईल वो. तुमी ऱ्हाताय काय दोन वर्षं ह्या कंपनीत?" पोरगं प्रामाणिक निघालं. थोडा विचार करून म्हणालं, "सांगता येत नाही." मग अण्णांनी बल्ब मीटरवर लावला. खोक्यावर नऊ वॅट, मीटर साडेपाचच्या वर सरकेना. "धाकट्यानं थोरल्याचं जोडं घाटल्यात," एवढंच म्हणाले आणि बशी पुढे सरकवली. दुसऱ्या एका वेळी गुळाचा एक व्यापारी आला. त्याला त्याच्या दुकानात असा दिवा हवा होता की काळा गूळ पिवळाधमक दिसावा. असा दिवा मिळतो, अण्णांना ठाऊकही होता. त्यांनी त्याला तो कुठे मिळतो हेसुद्धा सांगितलं नाही. उलट अर्धा तास बसवून भस्माच्या बाजूला गुळाचा खडा ठेवून त्याचा खरा रंग दाखवला. व्यापारी जाताना वैतागून म्हणाला, "तुमी दिवं इकताय का कीर्तन करताय?" अण्णा म्हणाले, "दिवं इकतो की. पण तुमाला न्हाय."

गिऱ्हाइकानं "पांढरा बल्ब द्या" म्हटलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कसला पांढरा?" सायीचा पांढरा, चुन्याचा पांढरा, निळीचा पांढरा, भस्माचा पांढरा, अशी त्यांची यादी आहे. खोक्यावरचे इंग्रजी शब्द त्यांना वाचता येतात, पण पटत नाहीत. स्वतःच्या अंगात बारमाही पांढरा शर्ट. तो ते पांढरा म्हणतात म्हणून पांढरा. अक्का, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, त्याला ताकाचा शर्ट म्हणतात. अक्कांचं दिराशी बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी आणि सगळं टोमण्यांचं. त्यांनीच मला सांगितलं की तरुणपणी दिरांना गडहिंग्लजकडे मुलगी दाखवायला नेलं होतं. मुलगी पोहे घेऊन समोर आली आणि हे छताकडे बघत बसले. घरी परतताना सगळ्यांनी विचारलं, कशी वाटली? हे म्हणाले, "दिवा लई वाईट हुता, काय समजलं न्हाय. दिवसा एकदा बघू या." मुलीकडच्यांच्या कानावर ते गेलं. पुढे दिवस काही उगवला नाही, आणि हे लग्न राहिलं ते राहिलंच.

आम्ही हिंगोलीकडचे. माझी शाळा सातवीत सुटली, शिवण मात्र सुटलं नाही. नवऱ्याला शिरोलीच्या एका कारखान्यात टेम्पोवर ड्रायव्हरची नोकरी लागली म्हणून आम्ही इकडे आलो आणि त्याच घरातली, अक्कांची माडीवरची मागची खोली घेतली. खोलीला खिडकी आहे, पण ती उघडली की शेजारच्या घराची भिंत हाताला लागते. त्यामुळे भरदुपारीही दिवा लागतो. परक्या गावात माझा जीव आधीच मुठीत. त्यात इकडची बोली अशी मोठ्याने आणि ठणकावून, की कुणी 'जेवला काय' विचारलं तरी मला वाटायचं, काहीतरी चुकलं आपलं. अण्णा तर अनोळखी माणसाला, बाई असो की बुवा, 'पावणं' म्हणूनच हाक मारायचे. मलाही. "काय पावणं, पाणी आलं का?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी अंगणात धुणं वाळत घालत होते आणि पुढच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. ते अक्कांना सांगत होते, "बाकी दिसायला बरं हाय वैनी. पण पावणा हाय, टिकायचा न्हाय. त्येचा ड्रायव्हरच भिकार हाय. दिवाळीच्या आत गेला न्हाय तर माझं नाव बदला. बघू, परत पाठवून देऊ." माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. नवऱ्याने यांचं काय बिघडवलं होतं? आदल्या दिवशी टेम्पो दारात आणताना पायरीला किंचित लागला होता, तेवढंच. मी वर आले, ट्रंक ओढली आणि भांडी भरायला घेतली. हाकलून देण्याआधी आपणच निघालेलं बरं, असा आमच्या घरचा संस्कार. तासाभराने अक्का काहीतरी मागायला आल्या आणि ट्रंक बघून दारातच उभ्या राहिल्या. मी रडत रडत म्हणाले, "कामून असं बोलले अक्का ते? हे दारू पीत नाहीत, कधी गाडी ठोकली नाही." अक्कांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या जिन्यावरच बसल्या आणि पदर तोंडात धरून इतक्या हसल्या, की खालून अण्णा विचारायला लागले, "वैनी, काय झालं? पडलासा काय?"

मग उलगडा झाला. एलईडी बल्बच्या पोटात, त्या प्रकाश देणाऱ्या टिकल्यांना बेताची वीज पोचवणारी एक छोटी यंत्रणा असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. टिकल्या चांगल्या असल्या तरी ड्रायव्हर हलका असला की बल्ब चार दिवसांत मिचमिचतो आणि बसतो. आणि असा आज आला, उद्या गेला, मधल्या काळात नुसती आपल्याला लगबग करायला लावली, अशा बल्बाला अण्णा 'पावणा बल्ब' म्हणतात. त्यांच्या दुकानात पावण्यांचा वेगळा कप्पा आहे. खोक्यावर पेनाने तसं लिहिलेलंही असतं. कुणी स्वस्तातलाच मागितला तर देतात, पण सांगून देतात: "न्या की. जेवंल आन् जाईल." त्या दिवशी अण्णा हसले नाहीत. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला गाठून एवढंच म्हणाले, "पावणं, तुमच्याइषयी न्हवतं ते. तुमचा हात चांगला हाय, पायरी मुळात वाकडीच हाय." नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो बरं म्हणाला.

खरं तर त्याच दिवशी मी त्यांच्याकडून खोलीसाठी बल्ब घ्यायला हवा होता. पण लाज वाटली. शिवाय त्यांच्याकडून बल्ब घेणं म्हणजे तोंडी परीक्षा. बसस्टँडच्या बाहेर एक माणूस बल्ब पाण्याच्या बादलीत बुडवून, बाहेर काढून फरशीवर आपटून दाखवत होता. एकही फुटला नाही. मला ते फार भरवशाचं वाटलं. मी दोन आणले आणि एक मशीनवर लावला.

त्याच महिन्यात अक्कांच्या ओळखीने मला पहिलं मोठं काम मिळालं. कोडोलीच्या एक काकी होत्या. लेकीचं लग्न, आहेराच्या दहा साड्या, पाच डाळिंबी आणि पाच चॉकलेटी. त्यांना फॉल लावायचे, पिको करायचं. हे जमलं तर घरच्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज आणि पुढे भावकीतली शिलाई माझ्याकडे, असं काकींनी सांगितलं होतं; ब्लाऊजचं कापडही आधीच ठेवून गेल्या होत्या. आमचं दोघांचंही ठरलं होतं की माझं काम इथे बसलं तर राहायचं. नाही बसलं तर एकाच्या पगारावर परमुलखात ओढाताण करण्यापेक्षा दिवाळीला गावी जायचं ते तिकडेच राहायचं. म्हणून मी त्या साड्यांवर जीव ओतला. चार दिवस त्या बल्बाखाली मान वर केली नाही. टाका असा बारीक घातला, की काकी बोट फिरवून शोधतील.

काकी साड्या न्यायला आल्या, अंगणात उन्हात एक साडी उलगडली, आणि थांबल्या. डाळिंबी साडीला चॉकलेटी फॉल. दुसरी उलगडली. चॉकलेटीला डाळिंबी. दहांतल्या सहा चुकल्या होत्या, आणि ज्या चार बरोबर होत्या त्याही माझ्या नशिबाने. "काय गं, डोळं हाईत का बटणं?" काकी म्हणाल्या. "चार दिसांवर लगीन आलंय माझ्या घरात. हे काय करून ठेवलंस?" खोटं बोलत नाही. मी तो प्रत्येक फॉल साडीला लावून, डोळ्यांजवळ नेऊन, जुळवून मगच शिवला होता. मी तेवढंच सांगितलं. काकी म्हणाल्या, "आमाला न्हाय जमायचं. साड्या द्या परत, ब्लाऊजचं कापड बी द्या."

दुकानातून अण्णा बाहेर आले. त्यांनी साडी बघितली नाही, फॉल बघितला नाही. मला म्हणाले, "बल्ब कुठला लावलाय?" मी सांगितलं. आपटण्याचं आणि बादलीचंही सांगितलं. ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला, भस्म हाताला लागलं. "बल्ब काय धुवायचा हाय? का नारळागत आपटायचा हाय? त्येच्याखाली चटणी ठेवून दाखवली काय त्येनं?" मग म्हणाले, "घेऊन या त्या पावण्याला."

पुढचं मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी काकींना दुकानात बसवलं. काकी म्हणाल्या, "मला च्या नगो, माझ्या साड्या द्या." "देतो की. साड्या काय पळून जात्यात?" भिंतीवरचे बाराच्या बारा दिवे त्यांनी बंद केले, अक्कांना दार लावायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, "जादूचा खेळ हाय वाटतं." मग अंधारात माझा पावणा बल्ब लागला. अण्णांनी एक डाळिंबी आणि एक चॉकलेटी साडी काकींच्या मांडीवर ठेवली.

"ह्यातली डाळिंबी कुठली?"

"मला काय येडी समजलायसा?"

"न्हाय वो. सांगा तर खरं."

"ही की. लगीन माझ्या लेकीचं, साड्या मी घेतलेल्या, मला कळंना व्हय?" काकींनी ती साडी पोटाशी धरली.

अण्णांनी दार उघडलं. ऊन आत आलं. काकींच्या पोटाशी चॉकलेटी साडी होती.

काकींनी साडी बाहेर उजेडात नेली, परत आणली, बल्बाकडे बघितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आता तुमी बी चुकलासा. तुमच्या लेकीचं लगीन तुमच्याकडनं काढून घ्यायचं काय?" काकींचा आधी ओठ हलला, मग खांदे, मग त्या अशा हसल्या की साडी मांडीवरून घसरली. "आगं माझ्या बाई," मला म्हणाल्या, "ह्या मुडद्या बल्बापायी मी तुला बटणं म्हटलं व्हय?" अण्णांनी मलाही सोडलं नाही. "चूक ह्यांची बी हाय. सुई चांगली बघून घेतली, दोरा बघून घेतला, आन् ज्येच्यात बघायचं त्यो उजेड बादलीतनं उचलला." ते बरोबरच होतं. काकी निघता निघता दारात थांबल्या. "आमच्या मांडवात त्या मांडववाल्यानं कसलं दिवं लावल्यात, देव जाणे. पोरीची हळद हिरवी दिसायची. तुमी देताय काय चांगलं?" कुठलाही दुकानदार उठून खोकी काढायला धावला असता. अण्णा म्हणाले, "देतो. पण उद्या येताना घरची चटणी घेऊन या. आमची चटणी तुमच्या घरात चालायची न्हाय."

सहा साड्यांचे फॉल मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, त्यांच्या दुकानात बसून, उसवून परत लावले. ब्लाऊजचं कापड काकींनी नेलं नाही.

साड्या गेल्या त्या संध्याकाळी अण्णा वर आले. हातात एक बल्ब, कानावर मार्कर खोचलेला. माझं काही न ऐकता स्टुलावर चढले, पावण्याला काढून खिशात टाकलं आणि नवा बसवला. खोलीतले रंग एकदम माणसात आल्यासारखे दिसायला लागले. माझ्या दोऱ्यांच्या डब्यात किती लाल आहेत ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अण्णा खूश झाले. डब्यातलं एक रीळ उचलून बल्बाखाली धरलं आणि म्हणाले, "बघा आता. डाळिंबी कशी डाळिंबागत दिसतीया."

त्यांच्या हातात चॉकलेटी रीळ होतं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बल्ब पारखणाऱ्या माणसाला चेहराही पारखता येतोच. "चुकलं व्हय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते मशीनच्या स्टुलावर बसले, रीळ दोन्ही हातांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "वरीस झालं. समदं जग सायीच्या पांढऱ्यात दिसालंय. आदी वाटलं, कंपन्याच बिघडल्या." रीळ डब्यात ठेवून म्हणाले, "तंगी, कुणाला सांगू नगोस."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ते मला पावणं म्हणाले नाहीत, आणि 'तुमी'ही म्हणाले नाहीत. जाताना दारातून परत फिरले, बल्बच्या मानेवर तारीख घालायची राहिली होती. ती त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली.

तेव्हापासून रविवारी सकाळी ताटलीसमोर आम्ही दोघं बसतो. बल्ब तोलणं, हलवणं, वास घेणं त्यांच्याकडे; डोळे माझ्याकडे. "हळद?" "हळदीसारखी." "मिरची?" "जरा सुकल्यासारखी." "चटणी?" "काळी पडली अण्णा." "नापास. च्या दे त्येला आन् परत पाठीव." माल विकायला येणाऱ्या पोरांना वाटतं, म्हाताऱ्याने हाताखाली बाई ठेवली. अक्कांना सगळं ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे; त्या मुद्दाम आम्हाला ऐकू जाईल असं म्हणतात, "तिकडं परीक्षा, हिकडं परीक्षा, आन् सोताच्या डोळ्याचा निकाल कवा?" माझ्याकडे आता कोडोलीची पाच घरं शिलाईला आहेत. दिवाळीला आम्ही गावी गेलो आणि परत आलो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना न्यायला अक्कांना आणि मला मिळून चार महिने लागले. मोतीबिंदू निघाला, साधं ऑपरेशन, नवी लेन्स बसवायची. डॉक्टरांनी सांगितलं, लेन्स दोन-तीन प्रकारच्या असतात. झालं. अण्णा खुर्चीत सरसावून बसले. "बनावट कुणाची? खोकं दावा. आदी लावून बघता यील काय? आन् पिवळी पडली तर परत घ्याल का?" अक्का म्हणाल्या, "डोळ्यात बसवायची हाय ती, व्हल्डरात न्हवं." डॉक्टर भला माणूस. त्यांनी खोकं आणून दिलं. अण्णांनी ते तोललं, कानाशी नेलं, वास घेतला आणि म्हणाले, "लेन्स बरी वाटतीया. पण डॉक्टर, तुमचा टेबलावरचा दिवा पावणा हाय." दुसऱ्या दिवशी जाऊन तो बदलून आले. पुढच्या महिन्यात उजव्या डोळ्याचं ठरलं आहे.

अण्णांनी माझ्याकडून आजवर कशाचेही पैसे घेतलेले नाहीत. माझ्या खोलीतला बल्ब अजून जळतो आहे आणि त्याचं नाव काढलं की ते "तारीख बघ" म्हणतात. पण पट्टी सुटेल तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसणार आहे तो त्यांचा स्वतःचा शर्ट, आणि अक्का इतके दिवस खरंच बोलत होत्या हे त्यांना कळणार आहे. त्याचा धक्का मोठा असेल. म्हणून मी माप घेऊन ठेवलं आहे, वाळत घातलेल्या शर्टावरून, गुपचूप. कापड मात्र अजून मिळालं नाही. महाद्वार रोडवरच्या चार दुकानांत बघितलं. एकात सायीचा मिळाला, एकात चुन्याचा, दोन दुकानांत निळीचा. मला भस्माचा पांढरा हवा आहे. तो मी एक दिवस शोधून काढीन, उन्हात नेऊन बघीन, आणि असा शर्ट शिवून देईन की कुठल्याही बल्बाखाली, कुठल्याही कंपनीच्या, तो नापास होणार नाही.